जामीनदाराचा मंगळवार

पहाटे पावणेसहा

मार्चमध्ये आमच्या प्रयोगशाळेला परीक्षा असते ती उपयोगिता प्रमाणपत्राची. यंदा जोडीला ताईच्या मुलीची दहावी आहे, आणि आज दोन्ही पेपर एकाच वेळी आलेत. मुलीचा विज्ञान भाग 1 अकरा वाजता, आणि अकराच्या सुमारासच मला लेखा विभागात हजर व्हायचंय.

ताई म्हणजे माझ्याकडे गेली दीड वर्षं काम करणारी, नऊ वर्षांच्या खंडानंतर संशोधनात परतलेली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ‘ताई’ हे नाव मुलांनी पाडलं. ती पहिल्या दिवशी दार ढकलून आत आली तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा अदबीनं उठला आणि म्हणाला, “काकू, कुणाला भेटायचंय?” नंतर त्याला कळलं की काकूंची पीएचडी तो सातवीत असताना पूर्ण झाली होती. ‘मॅडम’ मी असल्यामुळे ते पद रिकामं नव्हतं. मग काकूची ताई झाली. वयानं ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, पण मीही ताईच म्हणते.

पहाटे चहा होईपर्यंत फोन हातात घ्यायचा नाही, असा माझा नियम आहे. तो मी रोज मोडते. ताईचा निरोप पाच वाजून वीस मिनिटांचा: “मॅडम, सॉरी, आज पंधरा मिनिटं उशीर होईल. सासूबाई मुलीला केंद्रावर सोडणार आहेत, त्यांना रिक्षात बसवून निघते.”

आज हिचे ‘सॉरी’ मोजायचे, असं मी तिथेच ठरवलं. दुपारी तिची सराव-मुलाखत आहे, त्या वेळी आकडा तोंडावर फेकता येईल. एक.

सकाळी साडेआठ

पाषाण रस्त्याला लागले की मला अजूनही 2007 आठवतं. तेव्हा मी दुचाकीवर होते आणि पाठीला पिशवीत स्वतःच्याच प्रबंधाची प्रत होती. सहा वर्षं घरी होते. दोन बदल्या, दोन बाळंतपणं, आणि मधे बडोद्याला असताना एका शाळेत आठवीला शिकवणं. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं 2002-03 मध्ये महिला शास्त्रज्ञांसाठी योजना काढली होती. तिच्या ‘अ’ विभागात खंड पडलेल्या बाईला स्वतःच्या नावावर प्रकल्प मागता येत होता. कुणाच्या हाताखालची सहायक म्हणून न जाता आपणच प्रमुख संशोधक व्हायचं. हे वाचून मी तीन रात्री झोपले नव्हते.

चौथ्या रात्री अर्जाचं शेवटचं पान वाचलं. यजमान संस्थेचं संमतिपत्र हवं. म्हणजे कुठल्या तरी संस्थेनं लिहून द्यायचं, की ही बाई आमच्या छपराखाली काम करेल, टेबल देऊ, पाणी-वीज देऊ, हिशेब ठेवू. पैसे सरकार देणार होतं, संस्थेनं फक्त सही द्यायची होती. त्या सहीसाठी मी अकरा दारं वाजवली. कुणी वाईट वागलं नाही, उलट चहा पाजला. “पुढच्या वर्षी बघू,” म्हणाले. बारावे सर स्कूटर स्टँडवरून काढत होते. त्यांनी कागद सीटवर ठेवून सही केली आणि एवढंच विचारलं, “सोमवारपासून येता का?”

कर्जाला लागतो तसा परतण्यालाही जामीन लागतो, हे मी तिथे शिकले. आता माझं मुख्य काम तेच आहे. पाटीवर शास्त्रज्ञ लिहिलंय, ते चुकीचं नाही, पण आजच्या दिवसात विज्ञान किती झालं ते पुढे कळेलच.

सव्वानऊ

ईमेल. एकोणतीस. त्यातले चार कामाचे, एक ‘तातडीचं’ असं शीर्षक असलेलं आणि अर्थातच तातडीचं नसलेलं. ताईच्या ओळखपत्राची मुदत महिनाअखेर संपते, नवीन पत्रासाठी अर्ज. तिच्या ओळखपत्राला मुदत असते, माझ्याला नाही, त्यामुळे वर्षातून एकदा ती गेटवर पाहुण्यांच्या वहीत स्वतःच्याच प्रयोगशाळेला भेट देणारी म्हणून नाव लिहिते. यंदा ते टाळायचं म्हणून सही आजच केली.

दहा वीस

आता जरा सावकाश सांगते, कारण आजच्या दिवसातला हा सर्वात चांगला तुकडा.

आमचं काम केवड्यावर आहे. उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला शेतकरी केवडा म्हणतात. चुनखडीच्या रानात हे फार. जमिनीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं, पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. घर धान्यानं भरलेलं आणि कोठाराला कुलूप, असा प्रकार. शेतकरी हिराकस फवारतात, काही दिवस हिरवं दिसतं, पुन्हा पिवळं. मुळांभोवतीचे काही जिवाणू मात्र या कुलपाची किल्ली बाळगून असतात. लोहाला घट्ट धरणारे रेणू ते बाहेर सोडतात आणि लोह बांधून स्वतःकडे ओढतात. या रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. फलटणकडच्या रानातून आणलेल्या मातीत असे जिवाणू आम्ही शोधतो.

ते ओळखायची कसोटी 1987 सालची, श्विन आणि नीलँड्स या दोघांची, आणि दिसायला फार देखणी. क्रोम अझुरॉल नावाचा रंग लोहाशी बांधलेला असताना निळा असतो. त्या निळ्या आगरवर जिवाणू वाढवायचे. जिवाणूनं रंगाच्या हातून लोह हिसकावलं की त्याच्याभोवती नारिंगी कडं उमटतं. निळ्या बशीत नारिंगी चंद्र.

तीन आठवडे चंद्र उगवतच नव्हता. दुसऱ्या वर्षाचा आमचा मुलगा हुशार आहे, संगणकावर तर वस्ताद आहे. त्यानं रंग बदलून पाहिला, सामू 6.8 आहे का ते तीनदा तपासलं, शेवटी जिवाणूनंच गुण सोडला असा निष्कर्ष काढून त्याचा अख्खा जीनोम पुन्हा वाचून आणायचा बेत माझ्यापुढे ठेवला. खर्च मी ऐकला आणि पाणी प्यायले. ताई मागे उभी होती. म्हणाली, “सॉरी, म्हणजे मला आताचं काही माहीत नाही. पण आम्ही काचसामान आधी रात्रभर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवायचो. आणि माध्यमात घालायच्या कॅसअमिनो ॲसिडमधलं लोह काढून घ्यायचो.”

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. त्यानं माध्यम बनवताना डब्यावरच्या सूचना पाळल्या होत्या, पण डब्यातल्या पदार्थातच लोहाचे अंश असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. (कुणी म्हणजे मी. मीही विसरले होते. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलं की हात विसरतात, आणि त्याला कुणी खंड म्हणत नाही.) जिवाणूला आयतं लोह मिळालं की तो सिडेरोफोर बनवण्याचा उद्योग थांबवतो. पोटभर जेवलेल्याला चोरी करायला लावण्यासारखं आहे ते.

मग ताईनं सिंकखालच्या कपाटातून विभाजक नरसाळं काढलं. नासपतीच्या आकाराचं, खाली तोटी असलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कॅसअमिनो ॲसिडचं द्रावण, त्यात क्लोरोफॉर्ममधलं हायड्रॉक्सिक्विनोलीन. झाकण तळहातानं दाबायचं, उलटं करून हलवायचं, तोटी किंचित उघडून आतली वाफ सोडायची, तो ‘फुस्स’ आवाज. खाली क्लोरोफॉर्मचा थर लोह घेऊन उतरतो, वर स्वच्छ द्रावण राहतं. तिनं तोटी चिमटीत धरून थर अगदी सीमेवर आणून थांबवला, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. मुलानं मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं. नऊ वर्षं ती सोसायटीच्या हॉलमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवत होती. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की तो निवृत्त झालाय.

तशी पहिल्या पंधरवड्यात तिची गडबड झाली होती, नाही असं नाही. मायक्रोपिपेटचं बटण द्रव ओढतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायची आणि प्रत्येक वेळी जास्त ओढायची. ते दोन आठवड्यांत गेलं. जास्त वेळ लागला तो संगणकाला. तिनं संशोधन सोडलं तेव्हा आम्ही एकेका जनुकाचा क्रम मोजून-मापून करून घ्यायचो, आता सगळ्या जीनोमची माहिती दुव्यावर येऊन पडते आणि ती उघडायलाही आज्ञावली लिहावी लागते. हे तिला त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलानं शिकवलं. नरसाळ्यानं आज त्याची परतफेड झाली.

तर आज दहा वाजून वीस मिनिटांनी तीस अंशांच्या इनक्युबेटरचं दार उघडलं. आठ बशा. पहिल्या दोन कोऱ्या निळ्या, त्या नियंत्रणाच्या. तिसरीत, वसाहतीभोवती, नखाच्या चंद्रकोरीएवढं नारिंगी. चौथीत पूर्ण कडं. मुलगा “येस!” म्हणून ओरडला. ताईनं पट्टी लावली, चार मिलिमीटर, वहीत लिहिलं, आणि मग पुटपुटली, “सॉरी, दुसऱ्यांदा केल्याशिवाय काही म्हणता येणार नाही.” आणि बशी उजेडात धरताना तिचा कोपर माझ्या चहाला लागला, म्हणून आणखी एक. तीन.

साडेअकरा

लेखा विभाग. आपल्याकडे अनुदान खर्च केलं हे सांगायला जो फॉर्म लागतो तो ‘जीएफआर 12-ए’, म्हणजेच उपयोगिता प्रमाणपत्र. गेल्या वर्षीची शिल्लक, आलेला हप्ता, त्यावरचं व्याज, खर्च, उरलेले. तो वेळेवर गेला नाही तर पुढचा हप्ता निघत नाही. पुढच्या हप्त्यातच ताईची फेलोशिप असते. म्हणजे मी अर्ध्या तासाची फाइल दोन आठवडे टेबलावर ठेवली तर माझ्या पगाराला काही होत नाही, तिच्या घराचा हप्ता थांबतो. जामीनदाराला हे कळलं पाहिजे.

खिडकीपलीकडच्या साहेबांना शंका होती: काचसामान ‘वापरून संपणाऱ्या वस्तूं’त का दाखवलंय, ते तर संपत नाही. मी म्हटलं, “साहेब, फुटतं.” ते म्हणाले, “लिहून द्या.” लिहून दिलं: काच फुटते. खाली सही, शिक्का, तारीख. माझ्या आतापर्यंतच्या सर्व शोधनिबंधांत हे विधान सर्वात निर्विवाद असावं.

व्याजाच्या रकान्यात एकोणीस रुपयांचा फरक निघाला, तो शोधण्यात पाऊण तास गेला. मिळाला. मोठ्या साहेबांची सही उद्या, कारण ते आज बैठकीला गेलेत.

दुपारी सव्वा

डबे. ताई खिडकीशी उभी. पेपर एकला सुटला असणार. फोन वाजला, तिनं पाठ फिरवली, “हं… हं… आणि तो भिंगाचा प्रश्न?… चालेल. जेव आधी.” मग येऊन बसली आणि तिच्या डब्यातली मटकीची उसळ सगळ्यांना वाढली, म्हणजे पेपर बरा गेला.

डब्यावर चर्चा निघाली ती योजनांची, कारण एका मुलीला पुढच्या वर्षी लग्न करून नागपूरला जायचंय आणि ती आतापासूनच परतीचा रस्ता पाहून ठेवते आहे. शहाणी आहे. मी माझ्या वेळेला तसं केलं नव्हतं. तिला नावांची यादी सांगितली. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिलांची योजना 2014 मध्ये ‘किरण’ नावाखाली आली, आता ‘वाइज-किरण’, आणि पूर्वीच्या ‘अ’ विभागाच्या जागी ‘वाइज-पीएचडी’ आणि ‘वाइज-पीडीएफ’, वय 27 ते 60. जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बायोकेअर’ 2011 पासूनची. साठाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो हे ऐकून मुलांना हसू आलं. मला आलं नाही. मी चौपन्न आहे.

मुलगी म्हणाली, “पण मॅडम, पूर्ण वेळच यावं लागतं ना? अर्धा दिवस चालत नाही?”

इथे मी जरा घसरतेच. ब्रिटनमध्ये डॅफ्ने जॅक्सन नावाच्या बाई होत्या. सरे विद्यापीठात 1971 मध्ये भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, त्या देशात त्या विषयाच्या पहिल्या महिला प्राध्यापक. शिकलेल्या बायका खंडानंतर कुवतीपेक्षा फार हलकी कामं करताना दिसतात, हे बघून त्यांनी 1985 मध्ये परतणाऱ्यांसाठी फेलोशिप सुरू केली. त्या 1991 मध्ये गेल्या, पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं न्यास झाला आणि तो आजही चालतो, पुरुषांनाही घेतो. त्यांची मला आवडणारी गोष्ट म्हणजे फेलोशिप बहुधा अर्धवेळ असते, आणि नवीन तंत्रं शिकण्यासाठीचा वेळ मुळातच धरलेला असतो. कुणाला चोरून शिकावं लागत नाही. आपल्याकडे पैसे देऊ केले, वय वाढवलं, नावं तर फारच सुंदर ठेवली. घड्याळाला मात्र हात लावला नाही. कायम नोकरीत असलेल्या केंद्र सरकारच्या बाईला मुलांच्या संगोपनासाठी 730 दिवसांची रजा आहे, परतून तीन वर्षांच्या प्रकल्पावर आलेल्या बाईकडे तेवढे दिवस मोजायलाही नसतात.

“पण घर सोडवत नाही म्हणूनच बायका सोडतात ना?” हे दुसऱ्या वर्षाच्या मुलानं विचारलं, निरागसपणे. मी त्याला भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचा 2010 चा अहवाल वाचायला सांगितला. त्या कामात आपल्या पुण्याच्या शास्त्रज्ञ रोहिणी गोडबोलेही होत्या. पीएचडी करून संशोधनात न राहिलेल्या बायकांना या अभ्यासात कारण विचारलं होतं. घरसंसार हे उत्तर सगळ्यांना अपेक्षित होतं. पण योग्य नोकरीच मिळाली नाही, असं सांगणाऱ्या जास्त निघाल्या. म्हणजे दार आतून लावलेलं नव्हतं, बाहेरून लावलेलं होतं.

ताई या चर्चेत काही बोलली नाही. उसळीचा डबा पुसत होती.

दोन दहा

फोन, सांगलीकडून. कुणीतरी माझा नंबर दिलेला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक., अकरा वर्षांचा खंड, दोन मुलं, सासरी द्राक्षबाग. आठवड्याला असे एक-दोन येतात. पहिली पाच मिनिटं त्या स्वतःची माफी मागतात, मग प्रश्न विचारतात. प्रश्न एकच: “आता कोण घेईल?”

मी खोटं बोलत नाही. अकरा वर्षांनी प्रयोगशाळा कठीण आहे, अशक्य नाही, पण यजमान संस्था तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. मग पेटंटचा रस्ता सांगितला. महिला शास्त्रज्ञ योजनेचा ‘क’ विभाग, आता ‘वाइज-आयपीआर’, त्यात बौद्धिक संपदेचं एक वर्षाचं प्रशिक्षण मिळतं. पुण्यात सीएसआयआरच्या ‘उर्डिप’मध्ये कितीतरी जणी यातून शिकून गेल्या, काही पुढे पेटंट एजंटची परीक्षा देऊन घरूनही काम करतात. सर्किटचं रेखाचित्र वाचता येणारी आणि मराठी-इंग्रजी स्वच्छ लिहिणारी बाई तिथे हवीच असते. कंपनीत जायचं असेल तर टाटा समूहानं 2008 मध्ये दुसऱ्या डावासाठी उपक्रम काढला होता, तसे आता इतरही काढतात, ते बघा.

“पण माझं सगळं जुनं झालंय हो मॅडम.”

“ओहमचा नियम बदललाय का?” मी विचारलं. पलीकडे पहिल्यांदाच हसू आलं. बायोडेटा पाठवायला सांगितला. त्यात द्राक्षबागेतलं ठिबकचं स्वयंचलित नियंत्रण त्यांनी स्वतः बसवलंय, हे शेवटी, जाता जाता सांगितलं. म्हटलं, ते पहिल्या ओळीत लिहा. “त्यात काय लिहायचं?” म्हणाल्या. बायोडेटा येईल तेव्हा ते त्यात नसेलच, मला माहीत आहे, पुन्हा फोन करावा लागेल.

तीन

ताईची सराव-मुलाखत. तिचा प्रकल्प पाच महिन्यांनी संपतोय, पुढच्या जागेसाठी समितीपुढे जायचंय. समिती म्हणून मी, शेजारच्या प्रयोगशाळेतले एक सहकारी, आणि दुसऱ्या वर्षाचा मुलगा. त्याला मुद्दाम घेतलं, कारण खऱ्या समितीत नेमका असाच एक तरुण असतो ज्याला जुनं काहीच आठवत नाही.

पहिली आठ मिनिटं उत्तम गेली. केवडा, चुनखडी, सिडेरोफोर, अडीचशे नमुन्यांतून निवडलेले सहा जिवाणू. नऊ वर्षं वर्गापुढे बोललेली बाई आहे, मागच्या बाकापर्यंत आवाज जातो. आमच्या पोरांसारखी ती पडद्याकडे तोंड करून बोलत नाही. फळा असता तर चारच रेषांत मूळ काढून दाखवलं असतं.

मग सहकाऱ्यानं ठरल्याप्रमाणे विचारलं, “मधली नऊ वर्षं काय करत होतात?”

आणि बाई विझली. अक्षरशः. आवाज अर्धा झाला, हात मांडीवर गेले. “सॉरी सर, म्हणजे… मुलगी लहान होती, आणि सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता, मग… सॉरी, मधे मी काहीच केलं नाही तसं.”

काहीच केलं नाही. चार-पाचशे मुलांना पेशीविभाजन शिकवलं, ज्यातली दोन आज आमच्याच आवारात पदवी करतात, आणि ‘काहीच केलं नाही’.

मी थांबवलं आणि माझी गोष्ट सांगितली. परतायच्या आधी एका महाविद्यालयात मुलाखतीला गेले होते. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “तुम्ही इकडे आल्यावर मुलांना कोण बघणार?” माझ्या आधी आत गेलेल्या पुरुषाला दोन मुलं होती, त्याला हे विचारलं नव्हतं, मी बाहेर बाकावर बसून सगळं ऐकलं होतं. मी काय केलं? सासूबाई किती चांगल्या आहेत यावर पाच मिनिटं बोलले. माझ्या कामावर एक वाक्य बोलले नाही. जागा मिळाली नाही हे वेगळंच, पण घरी येताना बसमध्ये मला राग आला तो त्यांचा नाही, माझा.

“मग काय म्हणायला हवं होतं?” ताईनं विचारलं.

हे मला अठरा वर्षांनंतरही नीट ठाऊक नाही. सहकारी म्हणाला, एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं: “2014 ते 2023 मी संशोधनात नव्हते, जीवशास्त्र शिकवत होते, आता या कामावर आहे.” पूर्णविराम. कारण सांगायचं नाही. विचारलं तरच सांगायचं, आणि तेही एका वाक्यात. मुलगा म्हणाला, “ताई, नरसाळ्याचं सांगा ना.” ती म्हणाली, त्यात काय सांगायचं. सांगलीच्या बाईंसारखंच, शब्दन्‌शब्द.

पाच वेळा घेतलं ते वाक्य. पहिल्या वेळी ‘सॉरी’नं सुरुवात, दुसऱ्या वेळी ‘ॲक्च्युअली’, जो सॉरीचाच चुलत भाऊ आहे. तिसऱ्या वेळी वाक्य बरोबर आलं, शेवटी हसली, ओशाळं. चौथ्यांदा हसली नाही, पण मान खाली. पाचव्या वेळी मानही वर होती आणि मुलानं टाळी वाजवली, त्यासरशी ती म्हणाली, “सॉरी, अजून एकदा करू?”

मुलाखतीतले सात. एकूण दहा. मी आकडा सांगितला. तिला वाटलं मी रागावलेय, म्हणून…

अकरा.

पावणेपाच

ताईला पाच वाजता निघायचं असतं आणि मी तिला पावणेपाचलाच उठवते, कारण पाचला निघणारी बाई सव्वापाचपर्यंत सगळ्यांना कारणं सांगत असते. आमच्या क्षेत्रात रात्री दहाला दिवा दिसला की माणूस कामसू ठरतो. दुपारभर कॅन्टीनमध्ये काढून रात्री दिवा लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. गटाची बैठक मी बारा वर्षांपासून सकाळी दहालाच घेते, संध्याकाळी कधीच नाही. एवढी एक गोष्ट मी कुणाच्याही परवानगीशिवाय करू शकले.

तिनं बशा पुन्हा आत ठेवल्या, दुसऱ्या खेपेचं काचसामान ॲसिडच्या टबात बुडवलं, टबावर ‘हात घालू नये’ लिहून चिकटवलं, आणि गेली.

संध्याकाळ

स्वयंपाक, आईचा फोन, नवऱ्यानं आणलेल्या मेथीत जेवढी माती होती तेवढीच मेथी. लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री साडेनऊ

शिफारसपत्र. ताईच्या अर्जाला जोडायचं, मुदत उद्या मध्यरात्रीपर्यंत. पोर्टल प्रश्न विचारतं: उमेदवाराला आपण किती वर्षांपासून ओळखता? चौकोनात फक्त पूर्ण आकडा बसतो, दीड बसत नाही. एक लिहावं तर कमी, दोन लिहावं तर खोटं. एक लिहिलं.

पत्राचा पहिला मसुदा वाचला आणि माझीच मला लाज वाटली. ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या असूनही’, ‘एवढ्या खंडानंतरही’, ‘वय लक्षात घेता’. प्रत्येक वाक्यात मी तिच्या वतीनं सॉरी म्हणत होते. सगळं खोडलं. नव्यानं लिहिलं की आमच्या गटात तीन आठवडे अडलेली कसोटी हिनं दोन वाक्यांत सोडवली, माध्यमातलं लोह काढण्याची पद्धत हिला हातानं येते, आता ती इतर तिघांना येते. नमुने किती, जिवाणू किती, नोंदी कशा. जीनोम पुन्हा वाचायचे वाचलेले पैसेही घातले, समितीला पैशाची भाषा लवकर कळते. खंडाबद्दल एक ओळ, सहकाऱ्यानं सांगितली तशी. शेवटी: मी हिची हमी घेते. पत्रात असं लिहीत नाहीत बहुधा. राहू दिलं.

जमा करताना पोर्टलनं सांगितलं, आपलं सत्र संपलं आहे. पुन्हा संकेतशब्द, पुन्हा चौकोन, पुन्हा ‘एक’. दहा वाजून चार मिनिटांनी गेलं.

दिवसाचा हिशेब केला. विज्ञान: दहा वीस ते अकरा, चाळीस मिनिटं, आणि तेही दुसऱ्याच्या बशीतलं.

फोन उजळला. “मॅडम, मुलीचा विज्ञान भाग 2 परवा आहे, तेव्हा दहाला आले तर चालेल का? सॉरी.”

मी लिहिलं, “चालेल. आणि सॉरी कशाला? हे बारावं.”

वर बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा दिसलं. मग आलं:

“हो मॅडम, सॉरी.”